कॅल्शियम स्कोअरमागचा 130 चा उंबरठा

पणजी-मडगावला सीटी करून आणलेल्या रिपोर्टवर ‘कॅल्शियम स्कोअर’ दिसला की घरात आधी तारल्यांचे काटे, नाचणी आणि कॅल्शियमच्या गोळ्यांवर संशय जातो. ताटातल्या किंवा रक्तातल्या कॅल्शियमचे हे माप नव्हे. हृदयाच्या धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचतो, तिथल्या पेशी मरतात आणि त्या जागी हाडातल्यासारखे क्षार बसतात. सीटी हे क्षार मोजते.

क्ष-किरणांच्या पडद्यावर हे क्षार डॉक्टरांना सीटीच्या आधीही दिसत, पण धडधडत्या हृदयात त्यांची मोजणी जमत नसे. 1980 च्या दशकात इलेक्ट्रॉन बीम सीटी आले. त्यात क्ष-किरणांची नळी फिरत नसे. चुंबकाने झोत वळवून सेकंदाच्या दहाव्या भागात एक काप टिपला जाई. या यंत्रावर 1990 मध्ये जी पद्धत बसली, तीच यंत्र गेल्यावरही टिकली.

स्कोअर किती येतो हे त्या पद्धतीतल्या दोन निर्णयांवर ठरते. काप 3 मिलिमीटरचा, आणि 130 हाउन्सफील्ड (सीटीवरच्या उजळपणाचे एकक) किंवा त्याहून उजळ असलेला, किमान 1 चौरस मिलिमीटरचा ठिपका म्हणजे कॅल्शियम, असे ठरले. रक्त आणि स्नायू 30 ते 60 च्या आसपास असतात. चित्रातली रवाळ खरखर कॅल्शियम म्हणून मोजली जाऊ नये म्हणून उंबरठा एवढा वर ठेवला. त्यामुळे विरळ, कोवळे क्षार सुटतात. उलट, स्थूल शरीरात खरखरच 130 च्या वर जाते आणि खोटे ठिपके मिळतात. हा आकडा क्ष-किरण नळीच्या 120 किलोव्होल्ट दाबासाठी आहे. किरणमात्रा वाचवायला 100 वर स्कॅन केला आणि उंबरठा तोच ठेवला, तर स्कोअर फुगतो.

दुसरा निर्णय गुणकाचा. ठिपक्यातला सर्वांत उजळ बिंदू 130 ते 199 असेल तर क्षेत्रफळाला 1 ने गुणायचे, 200 ते 299 ला 2 ने, 300 ते 399 ला 3 ने आणि 400 पासून पुढे 4 ने. म्हणजे 4 चौरस मिलिमीटरच्या ठिपक्याचा उजळ बिंदू 395 असेल तर गुण 12, आणि 405 असेल तर 16. त्याच माणसाचा लगेच दुसरा स्कॅन काढला तरी एवढा फरक पडू शकतो.

जास्त दाट म्हणजे जास्त वाईट, असे त्यामागचे गृहीत होते. 2014 मध्ये दीर्घकालीन पाहणीतून उलटे दिसले: कॅल्शियमचे आकारमान सारखे असेल तर दाट क्षारांच्या माणसांना धोका कमी. दाट थर स्थिरावलेला असतो. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध) घेतल्यावर क्षार दाट होतात, म्हणून औषध लागू पडत असतानाही स्कोअर वाढतो आणि रुग्ण घाबरून गोळी सोडतो. हे खरे नुकसान आहे. स्कोअरशेजारी आकारमान वेगळे छापायलाच हवे.

1990 च्या दशकाअखेरीपासून बहुस्तरीय सीटीने ही तपासणी गावोगावच्या केंद्रांत आणली. ईसीजीच्या तालावर, शिरेत औषध न टोचता, साधारण 1 मिलिसिव्हर्ट किरणमात्रेत काम होते. स्टेंट बसवलेल्या धमनीत मोजणी करू नये, धातूही उजळच दिसतो. झडपेच्या कड्यावरचे क्षार शेजारच्या धमनीत जमा होण्याची चूकही नेहमीची.

2018 च्या अमेरिकी मार्गदर्शनाने मध्यम धोक्याच्या माणसाला स्टॅटिन द्यावे की नाही हे ठरवायला स्कोअर वापरण्यास मान्यता दिली. 100 किंवा जास्त असेल तर द्यावे, शून्य असेल तर थांबता येते. मात्र मधुमेही, धूम्रपान करणारे आणि घरात लवकर हृदयविकार झालेले यांना ही सूट नाही. रिपोर्टवरचे पर्सेंटाइल, म्हणजे इतरांच्या तुलनेत आपला क्रम, बहुधा 2000 मध्ये सुरू झालेल्या, 45 ते 84 वयाच्या अमेरिकी लोकांच्या पाहणीवरून येते, आणि तिच्या चार गटांत भारतीय वंशाचा गट नव्हता. म्हापशातल्या 38 वर्षांच्या माणसाला छातीत कळ येत असेल तर शून्य स्कोअरवर विसंबू नये. त्याच्या धमनीतला थर अजून मऊ असू शकतो, आणि मऊ थर 130 च्या खालीच राहतो.