चाकांवरच्या घराचा आराखडा : साडेआठ फुटांचा इतिहास आणि नागपूरचं ऊन

छोट्या घराला चाकं लागली ती भटकंतीच्या हौसेने नव्हे, नियमातून पळवाट म्हणून. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जे शेफर यांनी शंभर चौरस फुटांच्या आसपासचं लाकडी घर ट्रेलरवर उभं केलं. तेवढंसं घर जमिनीवर बांधायला तिथल्या किमान क्षेत्रफळाच्या नियमांची आडकाठी होती. ट्रेलरवर चढवलं की त्याची गणना घरात होत नसे. बांधकामाचे नियम सुटले, पण रस्त्याचे मानगुटीवर बसले : रुंदी साडेआठ फूट, उंची बऱ्याच राज्यांत साडेतेरा. माळ्यावर झोपण्याचा तो ओळखीचा आराखडा या दोन आकड्यांचं अपत्य आहे.

रुंदीची अडचण मात्र त्याहून जुनी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लोक आठ फुटी ट्रेलरमध्ये कायमचे राहू लागले, तेव्हा खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक असत; मागच्या खोलीत जायचं तर मधल्या खोलीतल्या झोपलेल्यांना ओलांडून. १९५० च्या दशकात एल्मर फ्रे यांनी दहा फूट रुंदीचे ट्रेलर रूढ केले आणि वाढलेल्या दोन फुटांत बोळ बसला, खोल्यांना दारं आली. मोबदल्यात घर हलवायला खास परवाना लागू लागला, म्हणजे ते व्यवहारात जागीच बसलं. शेफर पुन्हा अरुंद मापाकडे वळले. बोळ गेला आणि निजायची जागा वर सरकली.

वर म्हणजे किती? साडेतेरा फुटांतून ट्रेलरच्या तळाचे दोन फूट आणि छताचे आठ इंच वजा करा. खाली उभं राहायला सहा फूट आठ इंच आणि माळ्याच्या फळीला सहा इंच सोडले की उरतात तीन फूट आठ इंच. त्यातून गादी वजा. आयोवाच्या थंडीत वर साठणारी गरम हवा हवीहवीशी वाटते. नागपुरात, जिथे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, पत्र्याखालचा तो माळा म्हणजे भट्टी. तो कपड्यांच्या ट्रंकांना द्यावा, माणसांना नाही.

आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांतली २.६ मीटर रुंदी जवळपास साडेआठ फूटच भरते. दोन्ही भिंतींचे मिळून आठ इंच गेले की आत पावणेआठ फूट. दोन फुटांचा ओटा आणि अडीच फुटांची वाट धरली की समोर सव्वातीन फुटांचा दिवाण बसतो. चाकांवरचे उंचवटे त्याच दिवाणाखाली आणि ओट्याखालच्या कपाटांत लपवायचे. ते बाथरूममध्ये आले तर फरशीचा उतार बिघडतो आणि पाणी कोपऱ्यात तुंबतं. कुलर खिडकीबाहेर टांगला तर तो रुंदीत मोजला जातो, म्हणून घर हलवण्याआधी काढावा लागतो. समोरच्या टोकाला हवा बाहेर पडायला खिडकी नसेल, तर बंद डब्यात फक्त चिकचिक वाढते.

खरी मेख मात्र वजनाची, आणि ती विदर्भातल्या बंडीवाल्यांना ट्रेलर येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक. मागे जास्त भरलं की बंडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त भरलं तर बैल दबतात. कारमागच्या ट्रेलरचं गणित हेच : एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या कडीवर हवा. त्याहून कमी झाला तर वेगात ट्रेलर शेपटी हलवू लागतो, जास्त झाला तर ओढणाऱ्या गाडीचं नाक उचलतं आणि स्टीअरिंग हलकं पडतं.

समजा घर ३,००० किलोचं, कडीवर ३०० किलो, आणि कडी चाकांच्या आसापासून साडेचार मीटरवर. बाथरूम मागे आहे म्हणून २०० लिटरची भरलेली टाकीही आसाच्या मागे दोन मीटरवर ठेवली, तर कडीवरचा भार सुमारे ८९ किलोने घटतो. ३,२०० पैकी २११ किलो, म्हणजे जेमतेम साडेसहा टक्के. बंडी उलाळच! तीच टाकी बरोब्बर आसावर बसवली तर भरो की रिकामी होवो, कडीवर फरक पडत नाही. म्हणून आराखड्यात आधी आस आखायचा, मग टाकी, मग फ्रीज आणि ओटा, भिंती शेवटी. रस्त्यावर निघताना टाकी रिकामी करावी. अर्धी भरलेली टाकी सगळ्यात वाईट, ब्रेक मारला की आतलं पाणी पुढे धावतं.