‘विश्रांती’ कोणाला, कशासाठी? हॉकीतील उघड वादांची पार्श्वभूमी

हॉकीपटू प्रशिक्षकाविरुद्ध बोलला की मराठी क्रीडापानांचे मथळे ठरलेले असतात. बोलणारा निवृत्त असेल तर ‘घरचा आहेर’, संघात असेल तर ‘नाराजी’, आणि दोघे-तिघे मिळून बोलले की थेट ‘बंड’. भांडण नक्की कोणाशी आहे, हे मात्र यातल्या एकाही शब्दावरून कळत नाही. भारतीय हॉकीत ते खुद्द प्रशिक्षकाशी फार कमी वेळा असते. तो बिचारा समोर सापडतो, एवढेच.

सुरुवातीच्या काळात प्रशिक्षक हे पदच नव्हते. संघासोबत जायचा तो व्यवस्थापक. १९२८ साली ॲमस्टरडॅमला निघालेला संघ बोटीत बसण्यापूर्वी मुंबईच्या संघाकडून ३-२ असा हरला होता. तिकडे सुवर्णपदक मिळाले, पण अंतिम सामन्यात कर्णधार मैदानावर नव्हता. व्यवस्थापनाशी त्याचे बिनसले होते. पुढची कित्येक वर्षे पदके येत राहिली आणि कुरबुरी त्याखाली झाकल्या गेल्या.

मुंबईत या कुरबुरींना एक वेगळेच वळण होते. इथली हॉकी क्लबांपेक्षा ऑफिस टीमवर उभी राहिली: रेल्वे, कस्टम्स, विमान कंपन्या, तेल कंपन्या, बँका. चर्चगेटच्या मैदानावर आगाखान कप खेळणारा मुलगा दुसऱ्या दिवशी कोटातल्या (फोर्ट भागातल्या) एखाद्या कचेरीत हजेरी लावायचा. नोकरी स्पोर्ट्स कोट्यातून मिळालेली, बढती गोपनीय अहवालावर अवलंबून, आणि टीमचा कोच पुष्कळदा त्याच खात्यातला ज्येष्ठ. त्याला मैदानावर ‘सर’ म्हणायचे आणि ऑफिसात ‘साहेब’. सरकारी खात्यांत वर्तणूक नियमांची टांगती तलवार वेगळीच. अशा ठिकाणी कोचविरुद्ध वार्ताहराशी बोलणे म्हणजे साहेबाविरुद्ध बोलणे. ‘व्यावसायिक खेळाडू’ हा शब्द आपल्याकडे उसना आहे, तो यामुळेच. खेळून पोट भरत होते, पण पगार कारकुनाचा किंवा तिकीट तपासनिसाचा होता.

प्रशिक्षकाची सत्ता खरी वाढली ती खेळाचे नियम बदलल्यावर. कृत्रिम मैदान १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकला आले आणि तंत्रापेक्षा दमसास महत्त्वाचा ठरू लागला. १९८२ चा विश्वचषक मुंबईत चर्चगेटला गवतावरच झाला. पाकिस्तान जिंकला, आपण पाचवे आलो. पण मोठा फरक पडला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करण्याची मुभा मिळाली तेव्हा. तोवर बदली खेळाडू मोजकेच असायचे आणि एकदा संघ उतरला की कर्णधार राजा. आता पाच मिनिटांत कोणालाही बाहेर बोलावता येऊ लागले. संघात असूनही खेळायला न मिळण्याचे दुःख तिथून सुरू झाले.

आणि मग १९९८. यावर थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण पुढच्या प्रत्येक वादात याचाच दाखला दिला जातो आणि बहुतेकदा चुकीचा दिला जातो. त्या डिसेंबरात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला टायब्रेकरमध्ये हरवून सुवर्ण जिंकले. याआधीचे पुरुषांचे आशियाई सुवर्ण १९६६ चे, तेही बँकॉकलाच. बत्तीस वर्षांनी आलेल्या या यशाचा कर्णधार धनराज पिल्ले, खडकीत वाढलेला आणि मुंबईच्या मैदानांवर घडलेला. स्पर्धेआधीच्या परदेश दौऱ्यातल्या गैरसोयी आणि तुटपुंजे भत्ते यांबद्दल तो उघड बोलला होता. मानधनाचा विषयही निघाला होता. पुढच्या मालिकेसाठी संघ जाहीर झाला, त्यात तो नव्हता. आणखी सहा ज्येष्ठ खेळाडूही नव्हते. अधिकृत कारण एका शब्दाचे: ‘विश्रांती’.

हा शब्द तेव्हापासून हॉकीच्या भाषेत चिकटून बसला आहे. खेळाडूला दुखापत असेल तर ‘अनफिट’ म्हणतात, खेळ खालावला असेल तर ‘फॉर्म नाही’. विश्रांती या दोन्हींत बसत नाही. ती शिक्षा आहे असे कोणी लिहून देत नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध दाद मागता येत नाही. ‘मला विश्रांती नको’ असे जाहीर म्हणणारा खेळाडू संघाच्या नियोजनालाच आव्हान देतो, म्हणजे पुन्हा शिस्तभंग. संघटनेच्या बाजूनेही एक मुद्दा मांडला जातो: सात जण थकले होते आणि नव्या मुलांना संधी द्यायची होती. सुवर्ण जिंकलेल्या संघातले सात जण एकाच वेळी, आणि तेही मानधनाची मागणी झाल्यानंतरच थकावेत, हे मला तरी पटत नाही.

या प्रकरणात सोयीस्करपणे विसरली जाणारी गोष्ट म्हणजे सुवर्ण जिंकून देणारा प्रशिक्षकही त्यानंतर पदावर राहिला नाही. तरीही आजकालच्या लेखांत हा प्रसंग ‘खेळाडू विरुद्ध प्रशिक्षक’ या सदरात टाकलेला दिसतो. खेळाडू गेले, प्रशिक्षक गेला, आणि निर्णय घेणारे खुर्चीत कायम राहिले, इतका तो साधा हिशेब आहे.

२००२ मध्ये क्वालालंपूरच्या विश्वचषकात तर स्पर्धा सुरू असतानाच प्रशिक्षक बदलला. जाणारा मुंबईकर होता. भारत दहावा आला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकआधी जेमतेम काही आठवडे जर्मन प्रशिक्षक नेमला गेला. तोच खडकीकर ज्येष्ठ खेळाडू चौथे ऑलिंपिक खेळत होता, आणि शेवटच्या सामन्यात त्याला मोजकीच मिनिटे मिळाली. त्याने ते उघडपणे बोलून दाखवले. आत-बाहेरच्या नियमावरचा राग इतक्या मोठ्या खेळाडूच्या तोंडून प्रथमच इतका स्पष्ट ऐकू आला. गंमत म्हणजे त्या जर्मन प्रशिक्षकानेही नंतर कारभारावरच तोफ डागली.

२००८ मध्ये चिलीतल्या सँटियागोत ग्रेट ब्रिटनकडून हरून भारत बीजिंग ऑलिंपिकला मुकला आणि जुनी संघटना मोडीत निघाली. जानेवारी २०१० मध्ये पुण्यात बालेवाडीच्या शिबिरात खेळाडूंनी पैशांसाठी सराव थांबवला. मथळा अर्थातच ‘बंड’. प्रशिक्षक स्पॅनिश होता आणि त्याच्याविरुद्ध हे नव्हतेच. मग लीग आल्या: २०१२ ची अधिकृत मान्यता नसलेली वर्ल्ड सिरीज हॉकी, २०१३ ची खेळाडूंच्या लिलावाची हॉकी इंडिया लीग. दोन्हींत मुंबईचा संघ होता. लिलावाच्या लीगमधल्या पहिल्या मोसमात नामांकित ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक असूनही मुंबई तळाला राहिली. फ्रँचायझीत कोच आवडला नाही तर पुढच्या मोसमात संघ बदलण्याची आशा तरी असते. राष्ट्रीय संघ एकच आहे.

२०१५ मध्ये एका अनुभवी मध्यरक्षकावर गटबाजीच्या आरोपावरून नऊ महिन्यांची बंदी आली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी डच प्रशिक्षकाने आपल्याला काढल्याचे स्वतःच जाहीर केले, तर संघटना वेगळेच सांगत होती.

अलीकडे तक्रारीची दिशा उलटली आहे. २०२२ मध्ये महिला संघाच्या माजी डच प्रशिक्षकाच्या आठवणींच्या पुस्तकातल्या आरोपांवरून वाद पेटला आणि पुरुष व महिला संघांनी संयुक्त निवेदन काढून ते फेटाळले. फेब्रुवारी २०२४ मध्ये, रांचीत पॅरिस ऑलिंपिकची संधी हुकल्यानंतर, महिला संघाच्या प्रशिक्षक राउरकेलात पत्रकारांसमोर म्हणाल्या की इथे आपल्याला किंमत दिली गेली नाही, आदर मिळाला नाही. आठवड्याच्या आत त्यांचा राजीनामा आला. या खेपेला ‘विश्रांती’ हा शब्द कोणी वापरला नाही.