टोफू (सोया पनीर)

टोफू : सोयाबीन वाटून काढलेले दूध उकळायचे, ते क्षाराने किंवा आम्लाने फाडायचे आणि जमलेल्या गाठी फडक्यात बांधून दाबायच्या, की तयार होते ती पांढरी, मऊ वडी. महाराष्ट्रात ती बहुधा ‘सोया पनीर’ या नावाने विकली जाते. दिसायला आणि वरवरच्या कृतीला ती पनीरसारखी असल्यामुळे घरी करणारे बहुतेक जण पनीरच्याच अंदाजाने पुढे जातात, आणि तिथेच फसतात.

गाईम्हशीच्या दुधातील केसीन हे प्रथिन आम्ल मिळताच गोळा होते. म्हणून पनीर करताना दूध एक उकळी येईपर्यंत तापवून लिंबू पिळले तरी काम भागते. सोयाबीनची दोन मुख्य प्रथिने, ग्लायसिनीन व बीटा-कॉन्ग्लायसिनीन, मुळात घट्ट गुंडाळलेल्या स्थितीत असतात. बीटा-कॉन्ग्लायसिनीन साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास उलगडते, ग्लायसिनीनला मात्र ९० अंशांच्या वर जावे लागते. उलगडलेल्या प्रथिनांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्यामुळे ती एकमेकांपासून दूर राहतात. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे आयन, किंवा आम्ल, हा भार कमी करतात. मग प्रथिने एकमेकांना धरून जाळे विणतात आणि त्या जाळ्यात पाणी व तेल अडकून राहते. उकळणे अर्धवट राहिले तर पुढे कितीही लिंबू पिळा, चांगली वडी होत नाही.

टोफू मूळचा चीनचा. हान राजवंशातील राजपुत्र ल्यू आन (इ. स. पू. दुसरे शतक) याने तो शोधला असे परंपरा सांगते, पण ही कथा बरीच नंतरची आहे, टोफूचा खात्रीचा लेखी उल्लेख इ. स. दहाव्या शतकातला मिळतो. जपानमधील पहिली नोंद ११८३ची, नारा येथील कासुगा देवस्थानाची. बौद्ध मठांतील निरामिष स्वयंपाकामुळे तो तिथे रुजला, आणि १७८२ मध्ये ओसाकात टोफूच्या शंभर पाककृतींचे पुस्तकच छापले गेले. बेंजामिन फ्रँकलिनने १७७० मध्ये लंडनहून फिलाडेल्फियातील मित्राला लिहिलेल्या पत्रात चिनी लोक दाण्यांपासून करत असलेल्या या ‘चीज’ची माहिती दिली आहे. युरोपातला कारखाना मात्र त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १९०८च्या सुमारास, ली शिझंग याने पॅरिसजवळ काढला.

महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही भारतातील सोयाबीनची प्रमुख राज्ये. मराठवाडा व विदर्भात खरिपाचा मोठा पेरा याच पिकाचा असतो आणि लातूरची बाजारपेठ त्याच्या भावासाठी देशभर पाहिली जाते. तरीही हा माल मुख्यतः तेल गिरण्यांत जातो, उरलेली पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात. माणसाच्या ताटात थेट येणारा वाटा फार लहान आहे.

सोयाबीनची निवड. दाण्यात साधारण ३६ ते ४० टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल असते. टोफूसाठी त्याच हंगामातला, फुटका नसलेला, फिक्या डोळ्याचा (डोळा म्हणजे दाणा शेंगेला जोडलेला असतो तिथला ठिपका) दाणा घ्यावा. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे पेरल्या गेलेल्या जेएस ३३५ या वाणाचा डोळा काळा असल्याने वडीला किंचित करडी झाक येते. चवीला त्याने काही बिघडत नाही. उन्हाळाभर पत्र्याच्या गोदामात पडलेला दाणा मात्र टाळावा. उष्णता आणि दमटपणा यांनी प्रथिनांची विद्राव्यता घटते, दूध पातळ निघते आणि वडी कमी भरते. इंदूरच्या राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थेने खाण्यासाठी वेगळी वाणे काढली आहेत. एनआरसी १२७ मध्ये कुनिट्झ ट्रिप्सिन रोधक (प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारा घटक) नाही, एनआरसी १३२ मध्ये उग्र वासाला कारणीभूत असलेले लायपॉक्सिजनेज-२ नाही, तर एनआरसी १४२ मध्ये दोन्ही नाहीत.

शेतकऱ्याच्या घरात एक खबरदारी सक्तीची आहे. पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतले, बुरशीनाशक चोळलेले रंगीत बियाणे उरले तरी ते खाण्यासाठी वापरू नये. धुतल्याने ते विष पूर्ण जात नाही.

दूध काढणे. २५० ग्रॅम सोयाबीन निवडून, धुऊन तिप्पट पाण्यात भिजवावे. हिवाळ्यात १० ते १२ तास लागतात, कडक उन्हाळ्यात ६ ते ८ तास पुरतात. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवल्यास पाणी फेसाळते आणि आंबते, म्हणून भांडे फ्रीजमध्ये ठेवावे किंवा पाणी बदलत राहावे. दाणा नीट भिजला की नाही हे पाहायला त्याच्या दोन डाळी सोडवाव्यात. आतली बाजू सपाट आणि सारख्या रंगाची हवी. मध्ये खळगा किंवा पिवळट ठिपका दिसला तर अजून वेळ द्यावा. भिजून वजन सव्वादोन पटींच्या आसपास जाते. भिजवलेले पाणी फेकून द्यावे.

वाटण्यासाठी एकूण सुमारे दोन लिटर पाणी धरावे, म्हणजे कोरड्या दाण्याच्या आठपट. केवळ पिण्यासाठी दूध हवे असेल तर दहापट चालते, टोफूला ते पातळ पडते. बोअरचे जड पाणी वापरू नये. त्यातले कॅल्शियम वाटतानाच प्रथिने धरून ठेवते आणि ती चोथ्याबरोबर निघून जातात.

सोयाबीनचा जो कच्चट, हिरवट वास अनेकांना नको वाटतो तो कोरड्या दाण्यात नसतोच. दाणा पाण्यात चिरडला जाऊन हवा लागली की लायपॉक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) तेलातील मेदाम्लांवर काम करू लागते आणि काही क्षणांत वास तयार होतो. नंतर वेलची, व्हॅनिला काहीही घाला, तो झाकला जातो, जात नाही. उपाय वाटण्याआधीचा आहे : विकर ८० अंशांच्या वर निष्क्रिय होते, म्हणून भिजलेले दाणे उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून निथळावेत आणि गरम पाण्यातच वाटावेत. मिक्सरचे भांडे अर्ध्याहून जास्त भरू नये, वाफेने झाकण उडते. काही जण या पाण्यात अर्धा टक्का खाण्याचा सोडा घालतात. वास आणखी कमी होतो खरा, पण दाणे पुढे नीट धुतले नाहीत तर दूध अल्कधर्मी राहते आणि फाडायला क्षार जास्त लागतो. दाणे दहा-पंधरा मिनिटे उकळण्याचा मोहही टाळावा. प्रथिने दाण्यातच घट्ट होऊन बसतात आणि दूध कमी निघते. वास आणि उतारा यांत थोडी तडजोड करावीच लागते. विक्रीसाठी करणारे बहुधा उताऱ्याकडे झुकतात, घरच्या माणसाने वासाकडे झुकावे.

उकळणे. वाटण गाळून दूध उकळावे ही चिनी रीत. वाटणच उकळून गरम असताना गाळावे ही जपानी. दुसऱ्या रीतीने उतारा थोडा जास्त मिळतो, पण हात भाजतात आणि तळ लागण्याचा धोका अधिक. घरी पहिली रीत सोपी. जाड बुडाचे, दुधाच्या अडीचपट मापाचे पातेले घ्यावे.

सर्वांत जास्त चुका इथे होतात. सोयाबीनमध्ये सॅपोनिने असतात (रिठ्याचा फेस होतो तोही सॅपोनिनांमुळेच), त्यामुळे ८०–८५ अंशांवरच फेस वर चढतो आणि दूध उतू जाऊ लागते. पाहणाऱ्याला वाटते उकळी आली. ती खोटी उकळी असते. या टप्प्यावर गॅस बंद केला तर ग्लायसिनीन उलगडलेले नसते, ट्रिप्सिन रोधक शाबूत असतात, आणि असे दूध प्यायल्यास मळमळ, उलट्या, पोटदुखी होते. चीनमध्ये शाळा व भोजनालयांत अशा कच्च्या दुधाने विषबाधेच्या घटना घडलेल्या आहेत. आच कमी करून, फेस झाऱ्याने काढून, तळ खरवडत ढवळत राहावे. फेस बसून दूध खरोखर खदखदू लागले की तिथून १० मिनिटे मोजावीत. तळ लागला तर करपट वास सगळ्या दुधाला लागतो आणि त्यावर इलाज नाही. वरचे दूध हलकेच दुसऱ्या भांड्यात ओतावे, तळ खरवडू नये.

फाडणे. दोन लिटर दुधाला पुढीलपैकी एक पुरते : मॅग्नेशियम क्लोराइड (जपानी निगारी) ६ ते ८ ग्रॅम, कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्सम ६ ते ८ ग्रॅम, किंवा लिंबाचा रस ६० ते ८० मिलिलिटर. पहिले दोन पेलाभर पाण्यात कालवून घ्यावेत. रसात तेवढेच पाणी मिसळावे. निगारी म्हणजे मिठागरात मीठ काढून घेतल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यातला क्षार. तिचा टोफू चवीला गोडसर लागतो, पण ती झपाट्याने काम करते आणि नवख्याच्या हातून गाठी खरखरीत होतात. जिप्सम पाण्यात फारच थोडे विरघळते, त्यामुळे सावकाश फाडते. वडी मऊ, एकसंध आणि वजनाला जास्त भरते, शिवाय कॅल्शियम मिळते. नवख्याने जिप्समच घ्यावे, मात्र खाद्य प्रतीचे. शेतात टाकायचे जिप्सम किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस चालणार नाही. लिंबाने किंवा व्हिनेगरने काम होते, पण वडी आंबूस, भुसभुशीत आणि कमी निघते.

उकळलेले दूध झाकण न ठेवता आठ-दहा मिनिटे निवू द्यावे, ७५ ते ८० अंशांपर्यंत. दूध पळीने गोल फिरवून त्यात अर्धे द्रावण ओतावे आणि पळी उभी धरून फिरणे थांबवावे. झाकून पाच मिनिटे हात लावू नये. नंतर उरलेल्यातले थोडे थोडे जिथे दूध पांढरे दिसते तिथे वरून शिंपडावे. गाठी सुटून भोवतीची निवळी पिवळसर, पारदर्शक झाली की थांबावे, द्रावण उरले तरी. निवळी दुधट राहिली तर क्षार कमी पडला किंवा दूध फार निवले. मंद आचेवर ७५ अंशांपर्यंत आणून चमचाभर द्रावण आणखी घालावे. गाठी रव्यासारख्या बारीक झाल्या तर दूध फार गरम होते किंवा जोरात ढवळले गेले. कडवट चव आली तर मॅग्नेशियम जास्त झाले.

भोके असलेल्या डब्यात ओले मलमल पसरून गाठी पळीने अलगद, न मोडता भराव्यात. फडके दुमडून वर एक ते दोन किलो वजन २० ते ३० मिनिटे ठेवावे. वडी फडक्यासकट गार पाण्यात सोडून मगच उलगडावी, नाहीतर कोपरे तुटतात. २५० ग्रॅम दाण्यांपासून ४०० ते ५०० ग्रॅम टोफू मिळतो. दाबणे कमी-जास्त करून मऊ किंवा घट्ट प्रकार होतात. चमच्याने खायचा रेशमी टोफू मात्र दाबतच नाहीत. गार, घट्ट दुधात ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन मिसळून ते पाकिटातच तापवतात; तापताना त्यातून हळूहळू आम्ल सुटते आणि सगळे दूध निवळी न सुटता जागीच जमते.

गाळून राहिलेला ओला चोथा साधारण दाण्यांच्या कोरड्या वजनाएवढा असतो. थालीपिठाच्या भाजणीत एक तृतीयांशापर्यंत मिसळला तर कळतही नाही. वाटण न उकळता गाळले असेल तर हा चोथा कच्चा आहे हे विसरू नये. तो पूर्ण शिजलाच पाहिजे. फ्रीजबाहेर काही तासांतच तो आंबतो.

आहारमूल्य. घट्ट टोफूत १०० ग्रॅमला १० ते १७ ग्रॅम प्रथिने असतात, पनीरमध्ये साधारण १८ ते २०. मेद मात्र पनीरच्या निम्म्याहून कमी, त्यातला संपृक्त वाटा थोडा, आणि कोलेस्टेरॉल नाही. कॅल्शियम कशाने फाडले यावर ठरते : जिप्समच्या टोफूत भरपूर, लिंबाच्या टोफूत थोडे. बी-१२ जीवनसत्त्व टोफूत नसते, त्यामुळे दूधदुभते पूर्ण सोडलेल्या व्यक्तीने ते गोळीतून किंवा पुष्टीकृत पदार्थांतून वेगळे घ्यायलाच हवे. सोयाबीनची ॲलर्जी असणाऱ्यांना तो वर्ज्य आहे. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया पदार्थ यांत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण सोयामुळे तिचे शोषण घटते.

खरेदी व साठवण. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांमुळे वनस्पतिजन्य पेयाच्या पाकिटावर ‘दूध’ असे लिहिता येत नाही (नारळाच्या दुधासारखे रूढ अपवाद सोडून), म्हणून दुकानात ते ‘सोया पेय’ म्हणून दिसते. व्हीगन पदार्थांसाठीचे वेगळे नियम २०२२चे आहेत आणि त्यांची खूण म्हणजे चौकोनातले पान फुटलेले हिरवे ‘व्ही’. नुसता हिरवा ठिपका शाकाहाराचा; दुधाच्या पदार्थांवरही तोच असतो. ‘ॲनालॉग पनीर’ म्हणून स्वस्तात मिळणारा पदार्थ टोफू नव्हे. तो सहसा दुधाची भुकटी आणि वनस्पती तेल यांपासून करतात.

सुटा टोफू पाण्यात बुडवून, पाणी रोज बदलून फ्रीजमध्ये तीन ते पाच दिवस टिकतो. पाणी गढूळ किंवा वडी बुळबुळीत झाली, आंबूस वास आला, की टाकून द्यावा. तळण्याआधी तुकडे मिठाच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटे ठेवून कोरडे पुसावेत. आतले पाणी सुटते, चव मुरते आणि तेल उडत नाही. भुर्जीसाठी याची गरज नाही, हाताने कुस्करून कोरड्या तव्यावर आधी पाणी आटवले की पुरे. रस्सा शोषणारा टोफू हवा असेल तर तो पाण्याशिवाय डब्यात रात्रभर गोठवावा. गोठल्यावर तो पिवळा दिसतो, पण खराब झालेला नसतो. वितळला की पुन्हा पांढरा होतो. बर्फाच्या स्फटिकांनी पडलेली भोके मात्र तशीच राहतात. हाताने दाबून पाणी काढले की अशी वडी कोल्हापुरी रश्शातसुद्धा आतपर्यंत तिखट होते.