राजा गेला, ढोल राहिले: बुरुंडीच्या वादकांची पार्श्वभूमी

बुरुंडीचे ढोलवादक आज देशोदेशींच्या महोत्सवांत वाजवतात. मुळात मात्र हे ढोल लोकांच्या करमणुकीसाठी नव्हतेच. पूर्व आफ्रिकेतल्या या लहानशा डोंगराळ देशात राजाला ‘म्वामी’ म्हणत आणि ‘कार्येंडा’ हा पवित्र ढोल त्याच्या सत्तेचं प्रतीक होता. एरवी तो कुणाच्या नजरेस पडत नसे. ज्वारीच्या पेरणीशी जोडलेला ‘उमुगानुरो’ हा सण आला की त्याला बाहेर काढत.

वादनाचा मान ठरावीक घराण्यांचा होता आणि तो बापाकडून मुलाकडे जाई. गितेगाजवळच्या गिशोरा टेकडीवर राजा म्वेझी गिसाबो याच्या काळापासून असं एक ढोलांचं ठाणं आहे. झाडाचा बुंधा कोरून, त्यावर गाईचं कातडं लाकडी खुंट्यांनी ताणून ढोल तयार होतो. तो डोक्यावर घेऊन, वाजवतच वादक येतात आणि अर्धवर्तुळात उभे राहतात. मधला ढोल ‘इन्किरान्या’ लय ठरवतो, ‘अमाशाक्वे’ ढोल एकच ठेका अखंड धरून ठेवतात आणि ‘इबिशिकिझो’ मधल्या ढोलाच्या मागोमाग जातात. एकेक वादक पुढे येतो, उंच उड्या मारत नाचतो, मधल्या ढोलावर हात चालवतो आणि दुसऱ्याला जागा देतो. नुसती ध्वनिमुद्रणं ऐकून यातलं अर्धंच कळतं.

बेल्जियनांच्या अमलात उमुगानुरो बंद पडला. 1962 मध्ये स्वातंत्र्य मिळालं, 1966 मध्ये राजेशाही संपली आणि ढोलांचा धनीच गेला. पुढच्याच वर्षी फ्रेंच ध्वनिमुद्रकांनी हे वादन टिपलं. 1971 मध्ये माइक स्टिफनसननं त्यावर पियानो आणि गिटार चढवून ‘बुरुंडी ब्लॅक’ ही तबकडी काढली. कॅनडाची गायिका जोनी मिशेल हिनं 1975 मध्ये तेच ढोल आपल्या गाण्यात वापरले आणि 1980 च्या सुमारास ‘अ‍ॅडम अँड द अँट्स’सारख्या इंग्लिश बँडनी हा ठेका उचलला. लाखो लोकांच्या कानांवर तो पडला, पण तो वाजवणाऱ्यांची नावं कुणाला माहीत झाली नाहीत. मला हा सरळ अन्याय वाटतो.

1982 मध्ये इंग्लंडमधल्या शेप्टन मॅलेटला देशोदेशींच्या संगीताचा पहिला ‘वोमॅड’ महोत्सव झाला, तेव्हा बुरुंडीचे वादक स्वतः मंचावर उभे होते. पुढे त्यांचे दौरे वाढले, परदेशी गेलेल्या बुरुंडियनांनीही आपापली पथकं उभी केली. 2014 मध्ये युनेस्कोनं या राजढोलाच्या विधिनृत्याला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

त्यानंतर तीनच वर्षांनी, 2017 मध्ये, राष्ट्राध्यक्ष एनकुरुंझिझा यांनी आदेश काढला. अधिकृत समारंभांखेरीज कुठेही ढोल वाजवायचे तर सांस्कृतिक मंत्रालयाची परवानगी हवी आणि सरकारात शुल्कही भरायला हवं. तोवर काही ठिकाणी मुलीही ढोल वाजवू लागल्या होत्या. त्याच आदेशानं बायकांना ढोल वाजवायला मनाई केली.