शुबर्टचा अखेरचा सोनाटा: लयीचा वाद वेगळा, पुनरावृत्तीचा वेगळा

ऑस्ट्रियन संगीतकार फ्रान्ट्स शुबर्टने बी फ्लॅट मेजर या स्वरपट्टीतला आपला पियानो सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना; शुबर्टच्या रचनांच्या डॉइच सूचीतील क्रमांक ९६०) सप्टेंबर १८२८ मध्ये पूर्ण केला आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, तो वारला. या सोनाटाचा पहिला भाग कसा वाजवावा, याबद्दल रसिकांत जुना मतभेद आहे. ‘अमक्याने तो फार लांबवला’, ‘तमक्याने उरकला’ अशा शब्दांत तो व्यक्त होतो आणि तिथेच दोन निराळ्या प्रश्नांची सरमिसळ होते. किती संथ वाजवायचे हा एक प्रश्न. लिहिलेले सगळे वाजवायचे की नाही हा दुसरा.

तीन पियानोवादकांच्या ध्वनिमुद्रणांकडे पाहिले की गुंता सुटतो. आल्फ्रेड ब्रेंडेल यांचा पहिला भाग पंधरा मिनिटांच्या आसपास संपतो, आंद्राश शिफ यांना वीसेक मिनिटे लागतात आणि स्व्यातोस्लाव रिश्टर यांच्या १९७२ च्या मुद्रणात तोच भाग चोवीस मिनिटांच्या पुढे जातो. ब्रेंडेल आणि शिफ यांच्यातला फरक मुख्यतः पुनरावृत्तीचा, म्हणजे या भागातला सुरुवातीचा विभाग लिहिल्याप्रमाणे दुसऱ्यांदा वाजवण्याचा आहे, तर शिफ आणि रिश्टर दोघेही पुनरावृत्ती घेत असल्यामुळे त्यांच्यातला फरक लयीचा आहे.

लयीबाबत शुबर्टची सूचना एवढीच आहे: ‘मोल्तो मोदेरातो’, म्हणजे अगदी मध्यम. मेट्रोनोमचा (ठोके मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा त्याने दिलेला नाही, त्यामुळे वादकाच्या विवेकाला जागा उरते. रिश्टर या सूचनेला जवळजवळ विलंबित लयीत नेतात. विलंबित ख्यालाला सरावलेल्या कानाला त्यात वावगे वाटणार नाही, पण आक्षेप रास्त आहे: पुढचा भाग मुळातच ‘आंदांते सोस्तेनुतो’, म्हणजे संथ आणि सुरांना धरून ठेवणारा असल्याने दोन संथ भाग एकापाठोपाठ येतात. शिवाय १८२८ च्या व्हिएन्नी पियानोचा सूर आजच्या पियानोपेक्षा लवकर विरत असे, तेव्हा इतक्या संथ लयीत धून सांधून ठेवणे त्या वाद्यावर अवघडच गेले असते. तरीही १९५७ मध्ये मॉस्कोत रिश्टर यांच्याकडून हाच सोनाटा ऐकलेले कॅनेडियन पियानोवादक ग्लेन गूल्ड, ज्यांना एरवी शुबर्टच्या पुनरावृत्तीप्रधान रचनेचा कंटाळा येई, आपण अक्षरशः संमोहित झालो होतो असे सांगत.

पुनरावृत्तीचा प्रश्न लयीसारखा निव्वळ रुचीवर सोडता येत नाही, कारण तो छापील पानाशी बांधलेला आहे. भागाच्या आरंभी शांत, स्तोत्रासारखी धून येते आणि आठव्या मात्राखंडात (बारमध्ये) खालच्या सप्तकात ‘जी फ्लॅट’ या स्वरावर एक ट्रिल (दोन शेजारच्या स्वरांचे झपाट्याने होणारे आंदोलन) अगदी हळू आवाजात गुरगुरते. मुख्य धुना मांडणारा पहिला विभाग संपला की पुन्हा आरंभाकडे जाण्यासाठी शुबर्टने नऊ मात्राखंडांचा खास दुवा लिहिला आहे. त्या दुव्यात तीच ट्रिल फोर्तिस्सिमो, म्हणजे पूर्ण जोरात, कडाडते. एवढ्या जोरात ती संपूर्ण भागात अन्यत्र कुठेही येत नाही. पुनरावृत्ती गाळली की हे नऊ मात्राखंड ऐकायलाच मिळत नाहीत.

ब्रेंडेल यांना ते गाळणेच योग्य वाटे. हा झटकेदार उद्रेक बाकीच्या रचनेशी नाते सांगत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नाही. दुवा वगळला की पहिल्या विभागातून वादक थेट सी शार्प मायनर या वेगळ्या स्वरपट्टीत उतरतो आणि त्या स्वरबदलाची जादू निर्वेध राहते. शिफ मात्र पुनरावृत्तीचे ठाम पुरस्कर्ते आहेत. मला त्यांचे म्हणणे पटते, कारण शुबर्टने केवळ रिवाज म्हणून परतीची खूण केली असती तर नवे संगीत लिहिण्याचे त्याला कारण नव्हते. शिवाय ती गर्जना ऐकल्यानंतर आरंभीची हळू ट्रिल दुसऱ्यांदा येते, तेव्हा तिच्यातला धाक पहिल्यापेक्षा कितीतरी स्पष्ट जाणवतो.

म्हणून रिश्टर यांच्या लयीला नाक मुरडणाऱ्याने त्यांच्या पुनरावृत्तीलाही त्याच रागात झटकून टाकू नये. मध्यम लय राखूनही हा भाग पूर्णपणे वाजवता येतो, हे शिफ यांच्या मुद्रणातून दिसतेच. नवे मुद्रण ऐकताना साधारण पाचव्या-सहाव्या मिनिटाला ती जोरदार ट्रिल येते का, एवढे पाहावे. आली तर पुनरावृत्ती घेतली आहे, आणि मग जी तक्रार उरेल ती फक्त लयीची असेल.