बडोद्यात नौकाविहारासाठी नौकेची नोंदणी, तपासणी आणि परवानगी : पात्रता व कागदपत्रे

हरणीच्या मोटनाथ तलावात 18 जानेवारी 2024 रोजी शाळेच्या सहलीची नौका उलटली आणि 12 विद्यार्थी व 2 शिक्षिका अशा 14 जणांचा मृत्यू झाला. त्याआधी 1993 मध्ये भर शहरातल्या सुरसागर तलावातही नौका उलटून जीवितहानी झाली होती. दोन्ही पाणवठे महानगरपालिकेच्या हद्दीतले आणि रोजच्या पाहण्यातले. अशा ठिकाणी नौका चालवायची असेल तर मालकाला किंवा ठेकेदाराला तीन वेगळे कागद लागतात. त्या पाण्यावर व्यवसाय करण्याचा अधिकार पहिल्या कागदाने मिळतो, ती नौका अमुक मालकाची असून सरकारदफ्तरी दाखल आहे हे दुसरा सांगतो, आणि ती आज किती माणसे घेऊन कोणत्या पाण्यात सुरक्षित जाऊ शकते हे तिसरा ठरवतो. यांपैकी एकही कागद दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. तलाव विकसित करण्याचा ठेका हातात आहे एवढ्यावरून नौका प्रवासी नेण्यायोग्य ठरत नाही, आणि पुढील सर्व प्रक्रिया या एका गोष्टीभोवती फिरते.

लागू असलेला कायदा

देशातील नद्या, कालवे, तलाव अशा अंतर्गत पाण्यावरील नौकांसाठी ‘अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021’ हा केंद्रीय कायदा लागू आहे. 1917 सालचा जुना कायदा रद्द करून तो आणण्यात आला आणि 7 जून 2022 पासून अमलात आला. तपासणी, नोंदणी, खलाशांची पात्रता, जीवरक्षक साधने आणि विमा यांबाबतच्या किमान अटी केंद्राच्या कायद्यात व 2022 च्या नियमांत आहेत. अंमलबजावणी मात्र राज्यांकडे आहे. हरणीच्या दुर्घटनेची गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि त्यानंतर राज्य सरकारने विहारनौकांची वर्गवारी व नोंदणी यांसाठी 2024 मध्ये स्वतंत्र नियम केले. या नौकांची नोंदणी गुजरात मेरिटाइम बोर्डाकडे होते. बोर्डाचे मुख्यालय गांधीनगरच्या सागर भवनात आहे, हे बडोद्याच्या अर्जदाराने आधीच लक्षात घ्यावे, कारण सवयीने आपली पावले खंडेराव मार्केटमधल्या पालिकेच्या कचेरीकडे वळतात आणि तिथे या कामाचा जेमतेम एक भाग होतो. अर्जाचा चालू नमुना आणि शुल्काचे पत्रक बोर्डाकडूनच घ्यावे. एजंटाकडची झेरॉक्स प्रत बहुधा जुन्या नियमांची असते.

अर्ज कोण करू शकतो

अर्ज नौकेच्या मालकाने करायचा असतो. मालक भारतीय नागरिक असावा किंवा भारतातील कायद्यानुसार स्थापन झालेली कंपनी, सहकारी संस्था अथवा अशीच नोंदणीकृत संस्था असावी, आणि तो राहत असलेल्या किंवा व्यवसाय करत असलेल्या राज्यात अर्ज दाखल व्हावा. नौका एकाची, ठेका दुसऱ्याचा आणि तलावावर रोज उभा राहणारा पोटठेकेदार तिसराच, अशी मांडणी आपल्याकडे सर्रास आढळते. अशा वेळी नोंदणीचा अर्ज मालकाच्याच नावाने करावा आणि चालकाशी झालेला करारनामा सोबत जोडावा. दुर्घटनेनंतर जबाबदारीचा चेंडू टोलवला जातो तो याच तिघांमध्ये, त्यामुळे कागदावर नावे स्पष्ट असणे सर्वांच्याच हिताचे आहे.

आधी तपासणी, मग नोंदणी

इंजिनावर चालणाऱ्या नौकेची नोंदणी वैध तपासणी प्रमाणपत्राशिवाय होत नाही, म्हणून पहिला अर्ज सर्वेक्षकाकडून तपासणी करून घेण्यासाठी करावा लागतो. सर्वेक्षक नौकेचा सांगाडा, इंजिन, पाणी उपसण्याचा पंप, सुकाणू, अग्निशमन साधने आणि जीवरक्षक साधने पाहतो, आणि भर घातल्यावर नौका किती झुकते व पुन्हा सरळ होते की नाही, याचाही विचार करतो. या शेवटच्या बाबीकडे मालकांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पृष्ठभाग अखंड दिसतो, इंजिन पहिल्या झटक्यात चालू होते, एवढ्यावर नौका चांगली ठरत नाही. माणसे एका बाजूला सरकली की तिचे काय होते, हे महत्त्वाचे. केरळात थेक्कडीच्या जलाशयात 30 सप्टेंबर 2009 रोजी दुमजली पर्यटक नौका उलटून 45 जण गेले, त्या वेळी काठावरचे प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका अंगाला गोळा झाले होते. वरच्या मजल्यावर किंवा टपावर बसवलेले प्रत्येक माणूस नौकेचा भारमध्य वर नेते आणि तिची सावरण्याची ताकद घटवते, त्यामुळे मंजूर आराखड्यात नसलेला माळा नंतर चढवणे हा निव्वळ सजावटीचा बदल राहत नाही.

प्रमाणपत्रावर प्रवाशांची कमाल संख्या, कोणत्या क्षेत्रात नौका चालवता येईल ते आणि वैधतेची मुदत लिहिलेली असते. लाटांच्या उंचीनुसार अंतर्गत पाण्याची तीन क्षेत्रे केलेली आहेत : पहिल्यात 2 मीटरपर्यंत, दुसऱ्यात 1.2 मीटरपर्यंत आणि तिसऱ्यात 0.6 मीटरपर्यंत. शांत तलावासाठी तपासलेली नौका सुटीच्या हंगामात टेम्पोत घालून नर्मदेच्या वाहत्या पात्रात उतरवायची असेल, तर प्रमाणपत्रात ते क्षेत्र नमूद आहे का, हे आधी पाहावे लागेल. मुदत संपली, अपघात झाला किंवा नौकेत मोठा बदल केला, की नव्याने तपासणी करून घ्यावी लागते.

प्रवासीसंख्येबाबत एक मुद्दा शाळांनी आणि ठेकेदारांनी नीट समजून घ्यावा. कायद्याच्या व्याख्येनुसार नौकेवरील कर्मचारी आणि एक वर्षाखालील मूल सोडून प्रत्येक व्यक्ती प्रवासी आहे. बसमध्ये मुलाचे अर्धे तिकीट निघते म्हणून नौकेत दोन मुले मिळून एक प्रवासी होत नाहीत. सहा वर्षांच्या मुलालाही पूर्ण एक जागा आणि पूर्ण एक लाइफ जॅकेट, तेही त्याच्या मापाचे, लागते. ‘लहान मुलेच आहेत, बसवा दाटीवाटीने’ या वाक्याला कायद्यात आधार नाही.

नोंदणी अर्जासोबतची कागदपत्रे

तपासणी प्रमाणपत्र हाती आल्यावर नोंदणीचा अर्ज भरावा. त्यासोबत मालकाची ओळख व पत्ता यांचे पुरावे, संस्था असल्यास तिच्या नोंदणीचा दाखला आणि सही करणाऱ्याला दिलेला अधिकाराचा ठराव, नौका बांधणाऱ्याचा दाखला किंवा खरेदीचे बिल, नौकेची लांबी-रुंदी-खोली दाखवणारा आराखडा, इंजिनाचे बिल व क्रमांक, विम्याची पॉलिसी आणि चालक-खलाशांची सक्षमता प्रमाणपत्रे तयार ठेवावीत. नौका जुनी विकत घेतलेली असेल तर आधीच्या मालकाकडून हस्तांतराचे कागद आणि पूर्वीच्या नोंदणीचा तपशील घ्यावा. कर्ज काढून घेतली असेल तर बँकेच्या तारणाची नोंदही नोंदणी पुस्तकात होते, म्हणून मंजुरीपत्राची प्रत जवळ असू द्यावी.

विम्याकडे केवळ जोडपत्र म्हणून पाहू नये. प्रवाशाचा मृत्यू, इजा आणि इतरांच्या मालमत्तेचे नुकसान यांची जबाबदारी पॉलिसीत समाविष्ट असणे कायद्याला अपेक्षित आहे. फक्त नौकेच्या किमतीचा विमा काढला असेल तर तो मालकाचे नुकसान भरून देईल, प्रवाशाच्या कुटुंबाचे नव्हे. पॉलिसीतील प्रवासीसंख्या तपासणी प्रमाणपत्रातील संख्येशी जुळते का, हेही पाहून घ्यावे.

नोंदणी झाल्यावर मिळालेला क्रमांक नौकेवर ठळक दिसेल असा रंगवावा लागतो. त्यानंतर नौकेची रचना बदलली, इंजिन बदलले, मालकी बदलली किंवा मालकाचा पत्ता बदलला, तरी ते नोंदणी अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. केरळातील तानूर येथे 7 मे 2023 रोजी 22 जणांचा बळी घेणारी नौका मुळात मासेमारीची होती आणि तिचे रूपांतर पर्यटक नौकेत केलेले होते. रचनेतील बदल कळवून पुन्हा तपासणी करून घेण्याची तरतूद अशाच रूपांतरांसाठी आहे.

वल्ह्यांच्या आणि पायडलच्या नौका

इंजिन नसलेल्या नौकांना वरील प्रक्रिया जशीच्या तशी लागू होत नाही. केंद्रीय कायद्यात त्यांच्यासाठी वेगळे प्रकरण असून, त्यांची नावनोंदणी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर करण्याची योजना त्यात आहे. डभोई तालुक्यातील चांदोदला नर्मदेच्या संगमावर भाविकांना नेणारे नावाडी असोत किंवा शहरातील तलावावर पायडल बोट भाड्याने देणारे असोत, त्यांनी आपापल्या ग्रामपंचायतीकडे अथवा महानगरपालिकेकडे चौकशी करून दाखला घ्यावा. पायडल बोटीला इंजिन नसले तरी तिच्यावरचा प्रवासी बुडू शकतो, म्हणून लाइफ जॅकेटची अट तिथे सैल करण्याचे काही कारण नाही.

पाण्याची परवानगी कोण देतो

पाणवठा कोणाच्या ताब्यात आहे, यावर हा अर्ज कोठे जाईल हे अवलंबून असते. शहरातील तलावांसाठी महानगरपालिका निविदा काढून करार करते. आजवा सरोवर शहराला पिण्याचे पाणी पुरवते आणि तिथे मगरीही आहेत, त्यामुळे मनोरंजनाचा प्रश्न तिथे दुय्यम ठरतो. वढवाणा जलाशय सिंचनासाठी बांधलेला असला तरी 2021 पासून तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या काळात वनखात्याचे म्हणणे विचारात घेतल्याशिवाय तिथे काही करता येत नाही. विश्वामित्री नदीत शहराच्या मध्यभागीच मगरींचा वावर असून हा प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे हौसेखातर होडी टाकण्याचा विचार सोडून दिलेला बरा.

महानगरपालिकेशी करार करताना प्रत्येक नौकेचा नोंदणी क्रमांक, तिची प्रवासी मर्यादा, जीवरक्षकांची संख्या, बचाव नौका सतत तयार ठेवण्याची अट आणि पोटठेका देण्यावरील बंधन करारातच लिहून घेतले जावे. ‘सर्व सुरक्षा नियम पाळले जातील’ या एका ओळीवर भागवलेला करार पुढे तपासणाऱ्यालाही काही करू देत नाही, कारण कोणता नियम मोडला हे त्यावरून दाखवताच येत नाही.

प्रवाशाने काठावरच काय पाहावे

पाण्याकाठी फिरणे आणि बसणे हा नागरिकाचा सामान्य वापर आहे. भाड्याने नौकेत बसणे ही सेवा आहे आणि तिचे कागद मागण्याचा त्याला अधिकार आहे. नौकेवर क्रमांक आहे का, क्षमतेचा फलक आहे का आणि चढताना कोणी माणसे मोजते का, हे मिनिटभरात कळते. लाइफ जॅकेट अंगावर चढवून सर्व पट्टे आवळल्यावर दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर माप मोठे आहे आणि पाण्यात ते डोक्यावरून निसटेल. मुलांच्या बाबतीत ही चाचणी न चुकता करावी. जॅकेट मांडीवर ठेवायला किंवा बाकाखाली सारायला सांगणाऱ्या नावाड्याच्या नौकेत चढूच नये. शाळांनी सहलीच्या पूर्वपरवानगीच्या अर्जात नौकाविहार होणार असल्याचे स्वतंत्रपणे नमूद करावे आणि पालकांची संमतीही त्याच उल्लेखासह घ्यावी.

उल्लंघन आणि तक्रार

वैध प्रमाणपत्राशिवाय नौका चालवल्यास दंड होतो आणि नौका अडवून ठेवता येते. याशिवाय असुरक्षित किंवा क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या नौकेतून भाड्याने प्रवासी नेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 284 खाली गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बेदरकारपणे नौका हाकण्यासाठी कलम 282 आहे. जीवितहानी झाली तर सदोष मनुष्यवधाचे अधिक गंभीर कलमही लागू शकते. हरणी प्रकरणात तसाच गुन्हा दाखल झाला होता.

पाण्यात काही विपरीत घडत असेल तर आधी अग्निशमन दलाचा 101 आणि रुग्णवाहिकेचा 108 क्रमांक लावावा. धोका दिसतो पण अपघात झालेला नाही, अशा वेळी नौकेचा क्रमांक, तारीख, वेळ, चढलेल्या माणसांची संख्या आणि छायाचित्र यांसह पोलीस ठाण्यात व महानगरपालिकेच्या आयुक्तांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. कागदच पाहायचे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. गुजरातमध्ये त्याचे शुल्क 20 रुपये आहे. करार व त्यातील सुरक्षा अटी यांच्या प्रती महानगरपालिकेच्या माहिती अधिकाऱ्याकडे, तर तपासणी व नोंदणी प्रमाणपत्रांच्या प्रती मेरिटाइम बोर्डाच्या माहिती अधिकाऱ्याकडे मागाव्यात. एकाच अर्जात दोन्ही मागितल्यास निम्मा अर्ज हस्तांतरात अडकतो. उत्तर 30 दिवसांत यायला हवे. ते आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढील 30 दिवसांत त्याच कार्यालयातील अपील अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते.