कर्ल शून्य, तरी फेरी फुकट नाही

"कर्ल शून्य असेल तर बंद वाटेवरचं लाइन इंटिग्रल शून्यच." सांगलीत क्लासच्या झेरॉक्स नोट्समधून हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. अर्धंच खरं आहे ते. (व्हेक्टर फील्ड म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी एक बाण; कर्ल म्हणजे त्या बिंदूभोवती बाण किती गरगरतात ते; लाइन इंटिग्रल म्हणजे वाटेवर चालताना वाटेच्या दिशेनं बाणांचा जेवढा भाग पडतो त्याची बेरीज.)

हे व्हेक्टर फील्ड घ्या: पहिला घटक −य/(क्ष²+य²), दुसरा क्ष/(क्ष²+य²). मूळबिंदू सोडून कर्ल सगळीकडे शून्य. आता एकक वर्तुळावर फिरा: क्ष = कॉस थीटा, य = साइन थीटा. इंटिग्रलच्या आत उरतं साइन वर्ग अधिक कॉस वर्ग, म्हणजे १. पूर्ण फेरीचं उत्तर २पाय, साधारण ६.२८!

कृष्णाकाठच्या गणपतीला प्रदक्षिणा घालतो ना, तसंच; मूर्ती म्हणजे मूळबिंदू. हे फील्ड फक्त मूर्तीभोवती किती कोन फिरलात तेवढंच मोजतं. वाट वाकडी असो की चौकोनी. (प्रदक्षिणा घड्याळाच्या दिशेनं, म्हणून खरं तर उत्तर −२पाय.) मूर्तीला वळसा न घालता आवारात एका कडेला गोल फिरलात तर मात्र शून्य.

गोची मूळबिंदूपाशी आहे. तिथे फील्डच नाही, आणि ग्रीनच्या प्रमेयाला (बंद वाटेवरचं इंटिग्रल म्हणजे आतल्या कर्लची बेरीज) वाटेच्या आतला सगळा भाग लागतो. प्रतलात नियम मोडायला असं एक भोकही पुरतं. त्रिमितीत एका बिंदूचं भोक चालतं, कारण वाट वरून सरकवून सोडवता येते; अख्खी रेषा वगळली की पुन्हा अडते.